काल काय केलाव हिला?

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा बघितलं ते बंद पडलेल्या जीपपासून चांगले दहा हात लांब, पोत्यावर मांडी घालून, बशीतनं चहा ओढताना. जीपमध्ये मी होते, माझी ट्रंक होती आणि माझा संताप होता. मुदखेडहून लातूरला नव्या नोकरीवर हजर व्हायला आलेली टायपिस्ट मी. ऑफिसनं मोठ्या मानानं स्टँडवर जीप पाठवली आणि ती गंजगोलाईच्या अलीकडंच ठप्प झाली. दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, पण चावी फिरवली की नुसतं 'टक्'. चार रिकामटेकडे ढकलायला गोळा झालेले. आणि ज्याला एवढं निरोप धाडून बोलावलं तो बाबा गाडीकडं बघायलासुद्धा तयार नाही. मी मनात म्हटलं, कसल्या गावात येऊन पडलो आपण.

पांढरंशुभ्र धोतर, तसाच शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग. उदगीरकडचे लिंगायत. गाड्यांत हात घालणारा माणूस इतका पांढरा राहू शकतो हे मला नवीनच होतं. चहा संपला, बशी पालथी झाली, मिशा पुसून झाल्या, आणि मग त्यांनी बसल्या जागेवरनं जीपच्या ड्रायव्हरला फौजदारी आवाजात विचारलं, "काल काय केलाव हिला?"

ड्रायव्हर म्हणाला, काही नाही केलं. अप्पांनी पुन्हा तेच विचारलं. पुन्हा काही नाही. मग अप्पा म्हणाले की बरं, काही केलं नसेल तर मी जातो, आणि खरंच उठून चपला शोधायला लागले. तेव्हा कुठं त्या ड्रायव्हरला आठवायला लागलं. काल दसरा होता. गाडीची पूजा केली. पूजेआधी गाडी धुतली, बॅटरी काढून पुसली, हळदकुंकू लावलं, हार घातला, नाडा बांधला. नाडा कुठं बांधला, असं अप्पांनी विचारलं. ड्रायव्हर मोठ्या भक्तिभावानं म्हणाला, बॅटरीच्या मानेला.

अप्पा पहिल्यांदा गाडीजवळ गेले. बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला लालपिवळा नाडा छान दोन वेढे देऊन बांधलेला, आणि त्याच्यावरनं तारेची पकड आवळलेली. दिव्यापुरता करंट त्या नाड्याच्या फटीतनं कसाबसा जात होता, पण इंजिन फिरवायला लागणारा भार काही त्यातनं जाईना. अप्पांनी नाडा सोडवला, डोळ्याला लावला, स्टेअरिंगला बांधला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "देव हातात ठेव रे. वाटंत बसवू नको." पुढच्या चावीला जीप सुरू. मग माझ्याकडं वळून म्हणाले, अक्का, तुमी नांदेडकडच्या दिसायलाव. मी विचारलं, कशावरनं. तर म्हणे, इतका वेळ तोंड फुगवून गप्प बसणारं माणूस तिकडंच मिळतंय.

अशी आमची ओळख. पुढं ते त्या ऑफिसात होते तोवर त्यांनी मला नाव कधी विचारलं नाही. मी 'मुदखेडच्या अक्का'.

त्या दिवसांत लातूरला नुसतं वारं भरलं होतं. जिल्हा झाला होता. आजच्या पोरांना त्यात काय एवढं वाटेल, पण तेव्हा ज्याच्यात्याच्या तोंडी तेच. चहाच्या टपरीचं नाव 'जिल्हा टी हाऊस' झालं, न्हाव्यानं आरसा मोठा आणला, आणि शेजारणीसुद्धा भांडताना म्हणायच्या, आता हे जिल्ह्याचं गाव आहे, आवाज खाली कर. रंगवाल्यांना तर जेवायला फुरसत नव्हती. पाट्या, भिंती, खुर्च्या, कपाटं, सायकली, जे दिसेल त्याला रंग. आमच्या ऑफिसाला ज्या गाड्या मिळाल्या त्या सगळ्या इकडनं तिकडनं आलेल्या, दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या. पण त्यांच्या दारावर ताज्या अक्षरात 'लातूर' लिहिलं की माणसं लांबनं बघूनच खूश व्हायची. मी नांदेडकडची असूनही मला ते बघायला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आणि नेमकं त्याच वेळी पाणी गेलं. विहिरी आटल्या, बोअरमधनं धूळ यायला लागली, बाया घागरी घेऊन मैलमैल चालायला लागल्या. आमचं ऑफिस टंचाईचं. टँकर कुठं जाणार, कुठनं भरणार, कुणाला किती खेपा, हेच दिवसभर. टँकर म्हणजे जुन्या ट्रकवर बसवलेली टाकी. त्यामुळं ते रोज कुठंतरी बंद पडायचे आणि रोज अप्पांना निरोप जायचा.

कागदावर अप्पा नुसते ड्रायव्हर होते. तेही रोजंदारीवर. काम असेल तर हजेरी, नसेल तर घरी बसा. बायको आणि तीन पोरी उदगीरला मेहुण्याच्या घरात, आणि मेहुणा रोज जेवताना काहीबाही बोलून दाखवणारा. अप्पांना जगाकडनं एकच गोष्ट पाहिजे होती. कायम व्हायचं. कायम झालो की लातुरात खोली करणार, पोरींना इथल्या शाळेत घालणार, मेहुण्याला जेवायला बोलावणार आणि त्याच्या ताटात सारखं वाढत राहणार, असं सगळं ठरलेलं होतं. आमचे साहेब भले माणूस होते, पण घाईचे. त्यांनी शब्द दिला होता की पहिली जागा सुटली की अप्पाची.

आता अप्पा गरीब बिचारे वगैरे होते असं कुणी समजू नका. इतका फुशारक्या मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "अप्पाच्या हातनं गाडी बिघडल्याली कुणी दाखवावी," हे दिवसातनं एकदा तरी ऐकायला मिळायचं. गाडी ढकलून सुरू करणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. गाडी आपल्या मनानं कधी बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. काल चालत होती आणि आज चालत नाही म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी काहीतरी केलंय. ते कोण आणि काय एवढं कळलं की पाना नंतर लावला तरी चालतो. म्हणून आधी चौकशी. आणि चौकशी म्हणजे कशी, तर समोरच्याच्या बापजाद्यांपर्यंत. निम्मी माणसं गाडी सुरू झाल्याच्या आनंदापेक्षा अप्पा उठून गेल्याच्या आनंदात असायची.

त्यांचं जन्माचं भांडण होतं जलीलभाईंशी. जलीलभाई आमचे बॅटरीवाले. ऑफिसच्या मागं पत्र्याची खोली, त्यात रात्रंदिवस बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. तेही रोजंदारीवरच. मऊ बोलणारा, उंच, वाकलेला माणूस, शर्टाला तेजाबानं पडलेली बारीक भोकं. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या ते कुलपात ठेवायचे, कारण त्या टंचाईत काचेच्या बाटलीतलं तसलं स्वच्छ पाणी बघून येणाऱ्याजाणाऱ्याला राहवायचं नाही. एकदा एका बाईनं विचारलंच, आमाला गढूळ आन् गाडीला असलं का हो. जलीलभाई खाली मान घालून उभे राहिले.

अप्पा रोज सकाळी त्या खोलीच्या दारात उभे राहून जलीलच्या बॅटऱ्यांना नावं ठेवायचे. जलीलभाई शांतपणे म्हणायचे, हौ अप्पा, बॅटऱ्या खराब, तुमची गाडी चांगली, आता चहा घेता का. मग दोघं चहा घ्यायचे. डबे मात्र वेगवेगळे. अप्पा कांदा-लसूणसुद्धा खायचे नाहीत, पण जलीलच्या डब्यात आज काय आहे हे विचारल्याशिवाय त्यांना स्वतःची भाकरी गोड लागायची नाही.

माझ्या भावाचं लग्न नायगावला होतं. मी अप्पांना आमंत्रण दिलं ते आपलं रीत म्हणून. पण हा माणूस खरोखरच इस्त्रीचं धोतर नेसून हजर. जेवून, विडा खाऊन मांडवात टेकले होते, आणि नवरानवरी निघायच्या वेळी भाड्यानं आणलेली जीप सुरू होईना. इंजिन तर जोरात फिरत होतं, घुर्र घुर्र करत होतं, पण पेट काही घेईना. बॅटरी संशयात आली. लगेच कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून लावली. तीही फिरवून फिरवून दमली. आमच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला, कारण नवरीकडची माणसं आधीच अपशकुनाच्या गोष्टी करून राहिली होती. मी अप्पांकडं बघितलं. ते वाटच बघत होते कुणीतरी आपल्याकडं बघायची.

त्यांनी सगळ्या वऱ्हाडाची चौकशी सुरू केली. मामाला विचारलं, नवरदेवाला विचारलं, नवरीच्या बापाला तर असं विचारलं की जसा काही तो गाडीच चोरून नेणार होता. शेवटी पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या आमच्या सोनाआत्याकडं चौकशी आली. आत्या म्हणाली, मी कशाला हात लावलाय, मी आपली जागा धरून बसलेय. अप्पांनी विचारलं, मग तुमची पिशवी कुठं हाय. पिशवी समोरच होती, स्टेअरिंगशेजारच्या एका खटक्याला लटकवलेली, ओटीच्या नारळांनी भरलेली. डिझेल गाडी बंद करायला तोच खटका ओढतात. आत्याच्या नारळांनी तो ओढून धरला होता, मग इंजिनाला डिझेल मिळणार कुठनं. अप्पांनी पिशवी दोन्ही हातांनी काढली, आत्याच्या मांडीवर ठेवली आणि खटका आत ढकलला. गाडी सुरू झाली, वाजंत्री सुरू झाली, वडिलांनी अप्पांना मिठी मारली. आत्या मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली की त्या उदगीरच्या माणसानं चारचौघांत माझी अब्रू काढली. माणूस गुणी होता, एवढं मात्र ती दर वेळी शेवटी कबूल करायची.

आता मुरुडचं सांगते. त्यासाठीच एवढं लिहायला बसले.

टंचाईसाठी एक मोठा टँकर आला होता, आमच्या सगळ्या गाड्यांत धडधाकट. तो खडकवाडीला जाणार होता. खडकवाडी म्हणजे मुरुडच्या पुढं माळावरचं गाव, तिथं पाण्याचा थेंब उरलेला नव्हता. नव्या जिल्ह्याचा नवा टँकर म्हणून कार्यक्रम ठरला. मुरुडजवळच्या एका मोठ्या विहिरीवर टँकर भरायचा, पुढाऱ्यांच्या हस्ते नारळ फोडायचा आणि लोकांसमोर वाजतगाजत रवाना करायचा. चालवायला अर्थातच अप्पा. साहेबांनी मला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की उद्या भाषणात अप्पाचं कायम करायचं जाहीर करतो, त्याला आत्ता सांगू नका. मी सांगितलं नाही. पण अप्पांना ते कुठनं तरी कळलंच होतं, कारण त्या सकाळी त्यांचं धोतर नेहमीपेक्षाही पांढरं होतं.

टँकर आदल्या दिवशीच विहिरीजवळच्या लिंबाखाली आणून उभा केला होता. बॅटऱ्या काढून जलीलभाईंकडं चार्जिंगला गेल्या होत्या. सकाळी आम्ही जीपमधनं त्या दोन बॅटऱ्या मांडीवर घेतल्यासारख्या सांभाळत नेल्या. नव्याकोऱ्या होत्या. जलीलभाईंनी मीटरच्या काट्यानं तपासून, पुसून, त्या आपल्या हातानं टँकरला बसवल्या. विहिरीवरचं इंजिन लागलं, टाकी काठोकाठ भरली. गाव लोटलं होतं. खडकवाडीच्या बाया घागरी घेऊन इथवर चालत आल्या होत्या, टँकरच्या मागं मागं परत जायचं म्हणून. हार झाले, नारळ फुटला, हलगी घुमायला लागली. अप्पा नवरदेवासारखे वर चढून बसले आणि चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. हलगीवाला थांबला. दिवे लावले तर लख्ख लागले. भोंगा दाबला तर सगळं रान दणाणलं. चावी फिरवली की टक्. पुढाऱ्यांनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी जलीलभाईंकडं. गर्दीतनं कुणीतरी म्हणालंच की नव्या बॅटऱ्या विकून जुन्या बसवल्या असतील. झालं. साहेब घाईचे म्हटलं ना मी. त्यांनी सगळ्यांसमोर जलीलभाईंना विचारलं की बॅटऱ्या कुठं बदलल्या. जलीलभाई म्हणाले, खुदा की कसम साहेब, कालपासून माझ्या नजरेखालनं हलल्या नाहीत. साहेब म्हणाले, ह्याचा सोक्षमोक्ष आजच लावतो, बदलल्याचं निघालं तर उद्यापासून कामावर यायचं नाही आणि पोलिसांकडं जायचं. जलीलभाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि कमावणारे ते एकटेच.

एक शहाणा म्हणाला, पाणी सोडून गाडी हलकी करा, ढकलून सुरू होईल. तो टाकीच्या मागच्या तोटीकडं गेलासुद्धा. अप्पांनी वरनं अशी उडी मारली की धोतराचा सोगा दारात अडकून फाटला. त्यांनी त्या माणसाचा हात धरला आणि म्हणाले, "थेंब सांडला तर बघ." मग लिंबाखाली जाऊन बसले आणि चौकशी सुरू झाली.

काय ती चौकशी. जलीलभाईंना विचारलं. विहिरीच्या मालकाला विचारलं. टाकी भरणाऱ्याला, हार बांधणाऱ्याला, राखणीला झोपलेल्या म्हाताऱ्याला, मला, साहेबांना. काल काय केलं हिला, कुणी हात लावला, कुणी चढलं होतं का. सगळे म्हणाले काही नाही. जलीलभाईंना पुन्हा विचारलं. ऊन चढत होतं, घागरीवाल्या बाया जमिनीवर बसल्या होत्या, पुढारी घड्याळ बघत होते. अप्पांनी सगळ्या दुनियेला विचारलं, फक्त एक माणूस सोडून.

मग त्यांनी मला चावी फिरवायला वर बसवलं. होय, मला. आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. त्यांनी समोरचा दिवा लावायला सांगितला आणि तो चालू असताना चावी फिरवायला सांगितली. मी फिरवली. टक् झालं आणि समोरचा दिवा पार विझला. चावी सोडली तर परत लख्ख. अप्पांनी जलीलभाईंकडं बघितलं आणि हळूच म्हणाले की बॅटरीत दम हाय, मधी कुठंतरी अडतंय. पुन्हा फिरवा म्हणाले. मी फिरवत राहिले आणि ते तारेवरनं हात फिरवत फिरवत बॅटरीपासून खाली गेले, गाडीच्या अंगापर्यंत, जिथं बॅटरीची जमिनीची, म्हणजे अर्थिंगची तार लोखंडाला बोल्टनं आवळलेली असते. तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि चटकन मागं घेतलं. मग नाक जवळ नेलं. वरनं मलासुद्धा तो वास आला. ताजा रंग जळाल्याचा.

मी वरनं त्यांचा चेहरा बघत होते. तो आधी लाल झाला, मग काही वेळ त्यावर काहीच राहिलं नाही. काल लिंबाखाली टँकर उभा असताना अप्पांनी दिवसभर बसून खालच्या सांगाड्याला निळा रंग दिला होता. कुणी करायला सांगितलं नव्हतं. दारावरची अक्षरं नवी आणि खालचं लोखंड गंजलेलं, हे त्यांना बघवेना. बॅटऱ्या काढलेल्याच होत्या, तर त्यांनी ती तारही सोडली, तिच्याखालची जागासुद्धा रंगवली, आणि ओल्याच रंगावर तार परत आवळून टाकली. तार आणि लोखंड यांच्या मधी रंगाचा थर. अगदी दसऱ्याच्या त्या नाड्यासारखाच. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर अप्पांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

अप्पांनी खिशातनं चाकू काढला, त्या पांढऱ्या कपड्यांत गाडीखाली शिरले, बोल्ट सोडला, लोखंड चमकेपर्यंत खरवडलं, तार परत बसवून आवळली. बाहेर येऊन मला म्हणाले, अक्का, मारा. मी चावी फिरवली आणि ते धूड असं गरजलं की मी किंचाळलेच. हलगी पुन्हा सुरू झाली, बाया उठल्या, माणसं अप्पांना उचलायला धावली. पुढाऱ्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार अप्पांच्या गळ्यात घातला. साहेब हसत पुढं आले आणि म्हणाले, "काय अप्पा, बॅटरीवाल्यानंच ढिलं ठेवलं होतं ना?"

हाव म्हटलं असतं की झालं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. खाली वाकून बघणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांनी बघितलं असतं त्यांना कळलं नसतं. मला मात्र वरनं सगळं दिसत होतं, आणि त्यांनी तोंड उघडलं ते हाव म्हणायलाच, हे मी आजही शपथेवर सांगेन. पलीकडं जलीलभाई चाकाला टेकून उभे होते. अप्पांचं तोंड मिटलं. ते टँकरकडं वळले आणि नेहमीच्याच फौजदारी आवाजात विचारलं, "काल काय केलाव हिला?"

लोक हसले. त्यांना वाटलं ही गंमत आहे.

अप्पांनी तोंड दुसरीकडं केलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "रंग दिलो."

"कुणी दिलाव?"

"मन्मथअप्पानं."

"तारंखाली कशाला मारलाव रंग?"

हलगी एव्हाना थांबली होती. मग ते साहेबांकडं बघून साध्या आवाजात म्हणाले, "जुनं दिसू नये म्हणून. साहेब, जलीलच्या बॅटऱ्या सोन्यासारख्या हायत. आडवा मी आलो."

काही माणसं पुन्हा हसली, आणि ह्या वेळी ते हसू वेगळं होतं. पुढारी साहेबांच्या कानात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ह्याला कायम करायला निघाला होता का तुम्ही. साहेबांनी भाषण केलं, त्यात जिल्हा होता, पाणी होतं, विकास होता, अप्पा नव्हते. मला असा राग आला की मी टाळ्या वाजवल्या नाहीत. अप्पांनी हार काढून टँकरच्या आरशाला अडकवला आणि म्हणाले, चला, पाणी तापायलंय.

पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीनं बसलो. मागं टाकी हिंदकळत होती, बाजूनं घागरीवाल्या बाया चालत होत्या, आणि त्यातल्या म्हाताऱ्यांना अप्पा थांबून थांबून टँकरच्या पायरीवर घेत होते. बऱ्याच वेळानं जलीलभाई म्हणाले, अप्पा, गप बसायचं की हो, माझं काय, मी कुठं तरी बॅटऱ्या भरलो असतो. अप्पांनी त्यांना असं झापलं की बास. म्हणाले, "तू गुमान बस. गाडीचं दुखणं म्या काढलो, अर्धंच सांगून ठेवू का?" जलीलभाईंनी तोंड खिडकीकडं केलं. खडकवाडीत टँकर शिरला तेव्हा जो कल्ला झाला तो मी कधी विसरणार नाही. पोरं, बाया, म्हातारे, कुत्रीसुद्धा धावत आली. तोटी उघडली आणि अप्पांनी पहिली घागर स्वतः भरून दिली. फाटक्या धोतरात, निळ्या काळ्या हातांनी, इतके खुशीत की कुणाला वाटावं ह्यांनाच आज काहीतरी मिळालंय.

पुढं एक जागा सुटली. साहेब वाईट माणूस नव्हते, मुरुडची गोष्ट त्यांना खात असावी. पण पुढाऱ्यांसमोर घडलेलं, त्यामुळं अप्पांचं नाव घालायची त्यांची छाती झाली नाही. जागा जलीलभाईंना मिळाली. ती ऑर्डर मीच टाइप केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवताना त्यांना तोंडावर म्हटलं की खरं बोलण्याची ही शिक्षा असेल तर ऑफिसच्या दारावर तशी पाटी लावा, रंगवाले मोकळेच आहेत. साहेबांनी मान वर केली नाही. जलीलभाई आठवडाभर अप्पांच्या समोर यायला तयार नव्हते, तर अप्पाच पत्र्याच्या खोलीत जाऊन त्यांच्या बॅटऱ्यांना नावं ठेवून आले.

मग पाऊस झाला. विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले आणि रोजंदारीवरच्या ड्रायव्हरांना सांगितलं गेलं की आता यायची गरज नाही. गावं आनंदात होती आणि मला त्या आनंदात धड हसताही येईना. अप्पा मात्र म्हणाले, बरं झालं अक्का, पाणी आलं ते महत्त्वाचं. हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मला ते खोटं आहे हे कळलं.

ते निघाले त्या दिवशी मी आणि जलीलभाई स्टँडवर गेलो. उदगीरची एसटी लागलेली होती. अप्पांच्या हातात एक पिशवी, बाकी काही नाही. जलीलभाईंना ऑफिसकडनं नवा खाकी ड्रेस मिळाला होता. तो त्यांनी घातला होता, पण लाजून, गळ्याचं बटण उघडं ठेवून, जसा काही दुसऱ्याचा मागून आणलाय. मी रडायचं नाही ठरवलं होतं आणि सरळ रडत होते. कंडक्टरनं घंटी दिली. अप्पांनी पिशवी माझ्या हातात दिली, जलीलभाईंच्या समोर उभे राहिले आणि त्यांचं ते गळ्याचं बटण आपल्या दोन्ही हातांनी लावलं. कॉलर सरळ केली. खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"असा राहत जा," ते म्हणाले. "कायम माणूस हाईस तू."

मग माझ्याकडनं पिशवी घेतली आणि गाडीत चढून खिडकीची जागा शोधायला लागले.